गिरणीवाल्या बेबीनंदाच्या वहीतले लंबर

कुरणवाडीत कुणाच्या चुलीवर काय चाललंय हे दोघांनाच ठावं. एक त्या वरच्याला, अन् दुसरं गिरणीवाल्या बेबीनंदाला.

हे गाव शहागडच्या अलीकडं, गंगेच्या काठाला. कागदावर गोदावरी लिहीत असतील, पर इकडं समदे गंगाच म्हणत्यात. गाव दोन जागी वसलेलं. वरची गल्ली उंचावर, तिथं ग्रामपंचायत, हुकमचंद शेठचं किराणा दुकान अन् बेबीनंदाची गिरणी. खालची गल्ली म्हंजे थडी, पार पाण्याच्या कडंला, साठ घरांची.

बेबीनंदा आष्टीची लेक. अठराव्या वर्सी लगीन होऊन इथं आली. नवरा राजानंद मोठा बोलघेवडा माणूस. त्यानं पत्र्याचं शेड मारून गिरणी टाकली, अन् चार वर्सांनी गव्हाचं पोतं उचलता उचलता त्याची कंबर जी धरली, ती धरलीच. मंग गिरणी चालवायची कुणी? बेबीनंदा उठली, नवऱ्याचा जुना शर्ट साडीवर चढवला, पदर आत खोचला अन् पट्टा चढवून मोकळी झाली. पदर पट्ट्यात गुतला तर बाई जिवानिशी जाती, म्हून तो शर्ट. लोक हसले. म्हणले, बाईच्या हातचं दळण जाडंभरडं येणार. दोन महिन्यांनी तेच लोक म्हणू लागले, भाकर थापायची तर बेबीच्या पिठाची, काठाला चिरत न्हाई.

त्याला आता बावीस वर्सं झाली. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. आंघोळ केली की दहा वर्सांनी तरणी दिसती, असं राजानंद म्हणतो. शाळेत ती चौथीपर्यंतच गेल्ती. अक्षरांशी तिची ओळख रस्त्यात भेटलेल्या पाव्हण्याइतकीच, पर आकडे तिचे सख्खे. काट्यावरचे आकडे वाचून वाचून पक्के झालेले.

डब्यावर कुणाचं नाव लिहायची तिला गरजच न्हाई. चेमटलेला डबा कुणाचा, कडी तुटलेला कुणाचा, बराबर ओळखती. अन् डब्यातल्या दाण्यावरून घर ओळखती. बाजरी बंद होऊन एकदम गहू आला, तर घरी पाव्हणा हाय. दळण दोन किलोनं घटलं, तर पोरगं पुण्याला गेलं. रेशनचा गहू आला अन् बाई मान खाली घालून उभी राह्यली, तर पिकाचं काय झालं ते विचारायचं न्हाई. बेबीनंदा विचारत बी न्हाई. "ह्या गिरणीच्या आवाजात मला काही ऐकू येत न्हाई," असं म्हणायची अन् समदं ऐकायची. पर तिच्या तोंडून कुणाची गोष्ट बाहेर गेली, असं बावीस वर्सांत एकदा बी झालं न्हाई.

थडीच्या पार शेवटच्या घरात चतुराबाई राहती. नवरा जाऊन दहा वर्सं झाली, लेकरूबाळ न्हाई, सहा शेळ्या हायेत. तिचं हप्त्याचं दळण ठरलेलं, दोन किलो ज्वारी. औंदा शिमग्याच्या आसपास एकदम चार किलो आली. बेबीनंदा गप. पुढल्या हप्त्याला बी चार किलो. तिसऱ्या हप्त्याला चतुराबाईलाच राहावलं न्हाई.

"विचार की गं."

"काय विचारू मावशी? शेळ्या भाकरी खाया लागल्या असतील."

चतुराबाईला हसू आलं. मंग तिनं गिरणीच्या आवाजाआड तोंड कानाला लावून सांगितलं. तिच्या लहानपणीच्या मैत्रिणीची लेक हाय, शीतल नावाची. मैत्रीण वारली. पोरगी भोकरदनच्या पलीकडं दिलेली. नवरा सोमेश्वर हात उचलतो, दोन बार डोकं फोडलं. माहेरी गेली की भाऊ दुसऱ्या दिवशी परत नेऊन सोडतो. आता ती कुणाला न सांगता इथं येऊन राह्यली. चतुराबाई नावाचं माणूस जगात हाय, हे ना नवऱ्याला ठावं ना भावाला.

"चार दिवस तोंड बंद ठेव माय," चतुराबाई म्हणली.

"चार दिवस काउन? कायमचंच ठेवते," बेबीनंदा म्हणली, अन् पिठाचा डबा डोक्यावर चढवून दिला.

पोळ्याच्या आधी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी पारावर बैठक घेतली. माणूस भला, पर घाईचा. तीन गावांचा कारभार एकट्याच्या डोक्यावर. म्हणले, "पैठणच्या धरणातून पाणी सोडलं की तालुक्याहून मशीन फोन लावणार. थडीच्या दर घरात फोन वाजणार. पाणी यायच्या आधी तुम्हाला चार-पाच घंटे मिळणार. माणसं निघतील, ढोरं निघतील. त्याच्यासाठी मला दर घराचा एक चालू लंबर पाहिजे."

गोष्ट चांगली व्हती. पर लंबर द्यायचा म्हणलं की लोक मागं सरत्यात. एकदा लंबर दिला की कुणी ना कुणी मागं लागतंय, आज कर्जवाला, उद्या लॉटरीवाला. मंग थडीच्या लोकांनी डोकं चालवलं. ज्यानं त्यानं हुकमचंद शेठचा लंबर सांगितला.

त्यात लबाडी न्हवती बरं का. रीतच तशी पडलेली. ज्या काळात घरात फोन न्हवते, त्या काळात पुण्याला गेलेलं पोरगं शेठच्या दुकानावर फोन करायचं अन् शेठ थडीला निरोप धाडायचे. शेठच्या दुकानाच्या पाटीवर तो लंबर हातभर आकड्यांत रंगवलेला, गावाला तोंडपाठ. लोकांना वाटलं, शेठ हायेत तर सांगतीलच.

भाऊसाहेबांनी वही घरी जाऊन पाह्यली. साठातल्या एकोणचाळीस घरांचा लंबर एकच. मशीन तर एका घराला एकच लंबर घेतं, अन् तोच लंबर दुसऱ्या घराला चालत न्हाई. भाऊसाहेब वही घेऊन दुकानावर आले.

शेठ म्हणले, "भाऊसाहेब, मी साखर विकू का एकोणचाळीस लोकांचे फोन उचलू? पाणी आलं तर मी आधी माझी साखरेची पोती वर टाकणार, का थडीला पळणार?"

आतून त्यांची बायको प्रेमबाई बोलली, "साखरच टाकणार. मला न्हाई का ठावं."

"तू चूप बस."

"चूप बसते, पर एक सांगते. भाऊसाहेब, तुम्ही पारावर इचारलं, पारावर बाप्ये बसत्यात. पाणी आलं तवा घरात बाया असत्यात. बायांचं बोलणं कुठं होतं? बेबीच्या गिरणीत. ती वही तिच्याकडं द्या."

अशी ती वही बेबीनंदाकडं आली. तिनं वही पिठाच्या हातानं धरली अन् पहिलं विचारलं, "भाऊसाहेब, ही वही कुठं कुठं जाणार?"

"माझ्याकडं येईल, अन् तिथून तालुक्याच्या मशिनीत. बस."

"तिसरीकडं न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

तिनं तेवढंच लक्षात ठेवलं.

गिरणीत बायांची निम्मी गंमत तर लंबर काढण्यातच गेली. कुणालाच आपला लंबर ठावं न्हाई. चांगुणाबाई म्हणली, "मला माझा लंबर कशाला पाहिजे? मी काय मलाच फोन लावणार हाय का?" तर बेबीनंदानं तोड काढली. तिनं आपला लंबर भिंतीवर खडूनं मोठा लिहिला अन् म्हणली, ह्याच्यावर एकेकीनं मिसकॉल द्या. फोन वाजला की पडद्यावरचा आकडा ती वहीत उतरवायची. नाव राजानंद लिहायचा, पलंगावर पडल्या पडल्या. लिहिताना त्याची टोमणेबाजी चालूच.

"चार वर्सं मी बी गिरणी चालवली, पर एवढ्या बायांचे फोन मला कधी आले न्हाईत."

"तुम्हाला कशाला येतील? तुम्ही उचलल्यावर सोडता का?"

आठ दिवसांत एकोणसाठ घरं झाली. राह्यलं एकच, चतुराबाईचं. अन् गंगेला सगळ्यात जवळ तेच घर. पाणी चढलं की पहिल्यांदा त्याच उंबऱ्याला लागणार.

चतुराबाईकडं फोन न्हाई. फोन शीतलकडं. बेबीनंदा दुपारची गिरणी बंद करून खाली गेली. शीतल ओसरीत शिलाई मशिनीवर ब्लाउज शिवून राह्यलती. पंचविशीची पोर, गोरीगोमटी, पर दारात सावली पडली तरी दचकायची. कपाळाच्या वर केसांत पांढरी वळी दिसायची, टाक्यांची.

"काकू, ह्या फोनचा लंबर कुणाला बी दिलेला न्हाई मी," ती म्हणली. "नवं कार्ड हाय. मावशीला बी पाठ न्हाई. ह्याच्यावर फक्त शिलाईचं काम देणारी शहागडची एक बाई फोन करती."

"खरंय पोरी. मी जोर करणार न्हाई."

"तुम्हाला कसं सांगू? एक बार त्याला लंबर लागला ना, मंग तो गोड बोलतो. रडतो. लेकराची शपथ घेतो, जे लेकरू झालंच न्हाई. अन् मी जाते परत. म्हून मला त्याचा आवाजच ऐकायचा न्हाई."

बेबीनंदा खाली बसली. तिला वाटलं, उठून जावं, राहू द्यावं हे घर कोरं. पर ओसरीतून गंगा दिसायची, ऐंशी पावलांवर. चतुराबाईचे गुडघे गेलेले, शेळ्या सहा.

"शीतल, हे बघ. ही वही भाऊसाहेबांकडं जाती अन् तिथून मशिनीत जाती. तिसरीकडं न्हाई. मी स्वतः इचारलंय. माझ्या शब्दावर देणार असशील तर दे."

शीतलनं चतुराबाईकडं पाह्यलं. चतुराबाई म्हणली, "हिचा शब्द मी बावीस वर्सांपासून खाते, भाकरीसोबत."

शीतलनं मिसकॉल दिला.

आता पुढं जे झालं, ते कुणी वाईटपणानं केलं न्हाई. ग्रामपंचायतीची आपली एक सवय हाय. कुठली बी यादी आली की भिंतीवर चिकटवायची. घरकुलाची यादी, रेशनची यादी, मतदानाची यादी. खाली लिहायचं, कुणाची हरकत असेल तर सात दिवसांत कळवा. यादी लावली न्हाई तर लोकच ओरडत्यात, काय लपवता म्हून. भाऊसाहेबांनी लंबरांची यादी छापून आणली अन् शिपाई भुजंगच्या हातात दिली. भुजंगनं काही न विचारता खळ लावून ती भिंतीवर चिकटवली. घरमालकाचं नाव, फोन कुणाकडं हाय त्याचं नाव, अन् पुढं लंबर. साठच्या साठ.

बेबीनंदाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. पप्पू नावाचा वरच्या गल्लीचा पोरगा दळण टाकायला आला अन् म्हणला, "काकू, तुमची यादी लई भारी झाली. मी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. आता कुणाला कुणाचा लंबर मागायचं काम न्हाई."

बेबीनंदानं गिरणी बंद केली. अंगातला शर्ट तसाच, भुवया पांढऱ्या, अशी ती ग्रामपंचायतीपुढं जाऊन उभी राह्यली. चार-सहा माणसं यादी वाचून राह्यलती. तिनं नखानं कागदाचा कोपरा उचकटला. पावसाळी हवेत खळ अजून ओलीच व्हती. तिनं एका दमात समदी यादी ओढून काढली.

"ओ बेबीवहिनी, सरकारी कागद हाय तो," भुजंग म्हणला.

"लंबर बायांचे हायेत, भुजंगभाऊ. कागद सरकारचा असंल."

आतून भाऊसाहेब आले. म्हणले, "अहो बाई, समद्या याद्या लावतो आम्ही. न लावली तर तक्रार येती."

"घरकुल कुणाला भेटलं ते समद्यांनी वाचावं. कुणाचा फोन कुठं वाजतो ते कशाला वाचावं? तुम्ही मला काय म्हणला व्हता? तुमच्याकडं अन् मशिनीत. मी तोच शब्द साठ घरांत वाटला. आता मी कुणाच्या दारात उभी राहू?"

भाऊसाहेबांनी तिच्या हातातला कागद पाह्यला. त्यांच्या ध्यानातच आलं न्हवतं. ते हळूच म्हणले, "चुकलं. मी सवयीनं दिली लावायला." अन् खरं सांगायचं तर त्यांनी मंग काही टाळलं न्हाई. पप्पूला बोलवून ग्रुपवरचा फोटो काढायला लावला, अन् झालेला प्रकार तालुक्याला बी लिहून कळवला. पर फोटो किती जणांच्या फोनात उतरला, ते कुणाला सांगता येणार?

तिसऱ्या दिवशी शीतलचा फोन वाजला. तिनं उचलला. पलीकडून बाप्याचा आवाज, "हॅलो, शीतलताई का?" तिनं पुढचं ऐकलंच न्हाई. फोन बंद केला, कार्ड काढलं, दातानं चावून मोडलं अन् चुलीत टाकलं. दोन दिवस ती घराच्या बाहेर पडली न्हाई. मागून कळलं, तो बियाणं विकणारा माणूस व्हता, यादीतल्या समद्यांनाच फोन लावून राह्यलता. पर तिला त्या घडीला काय ठावं?

चतुराबाईचं दळण बंद झालं. तिचा डबा आता शहागडला जातो, असं चांगुणाबाईनं सांगितलं.

बेबीनंदाला भाकर गोड लागेना. राजानंद म्हणला, "तू काय केलं? चूक भाऊसाहेबाची."

"शब्द माझा व्हता ना."

ती थडीला गेली. चतुराबाई दारातच बसलेली, शेळीच्या पायातला काटा काढत. तिनं वर पाह्यलं न्हाई.

"मावशी."

"बोल. गिरणीच्या आवाजात मला बी आता कमीच ऐकू येतं."

बेबीनंदा उभीच राह्यली. "चूक झाली. माफी मागायला आले. अन् दुसरं सांगायला आले. तुमच्या घरापुढं आता माझा लंबर टाकते. शीतलचं नाव न्हाई, काही न्हाई. फोन मला येईल, मी खाली येईन."

"अन् तुझ्या घराला?"

"माझ्या घराला ह्यांचा फोन. पलंगावर पडून असत्यात, तेवढं तरी काम होईल. अन् तसं बी माझं घर वर हाय, तिथं गंगा येत न्हाई, म्हून ते यादीत बी न्हाई."

चतुराबाईनं काटा काढला, शेळी सोडली. "गंगा मला सांगून येती," ती म्हणली. "चाळीस वर्सं बघून राह्यले. तुझ्या फोनची गरज न्हाई." आतून शिलाई मशिनीचा आवाज येत व्हता, तो थांबला, पर शीतल बाहेर आली न्हाई.

बेबीनंदानं तरी लंबर टाकलाच. भाऊसाहेबांनी तिच्यासमोर तालुक्याच्या मशिनीत बदलून दिला.

पर एक घोर व्हता. गिरणी चालू असली की कानाशी ढोल वाजवला तरी ऐकू येत न्हाई. फोन वाजला तर कळणार कसं? तिनं फोनचा आवाज ठेवलाच, वरून तो थरथरेल असं पप्पूकडून करून घेतलं अन् कंबरेला कापडी पिशवीत, पोटाला लागून बांधला. कुणाचा बी फोन आला की ती दचकायची. राजानंद म्हणला, "आधी पट्ट्याला भीत न्हवती, आता फोनला भेती."

भादव्याच्या शेवटाला वरच्या मुलखात पाऊस लागला, तो सुटेना. घटस्थापना दोन दिवसांवर. त्या दिवसांत गिरणीत पाय ठेवायला जागा नसती. आधी दगड झाडून पुसून घ्यायचे, धान्याचा कण ठेवायचा न्हाई, मंग उपासाचं दळण, भगर, राजगिरा, शिंगाडा. एकदा उपासाचं लावलं की मधी थांबायचं न्हाई. मधीच बंद केली की दाणा दगडात अडकतो, पुन्हा चालू करताना पट्टा निसटतो. बाया सकाळपासून डबे घेऊन बसलेल्या.

सकाळचे अकरा वाजले असतील. चांगुणाबाईची भगर दगडात अर्धी गेल्ती. पोटाशी फोन थरथरला. बेबीनंदानं काढून पाह्यलं तर लंबर ओळखीचा न्हाई. तिनं हात वर करून गिरणी बंद केली. अशी मधीच बंद झालेली गिरणी बायांनी कधी पाह्यली न्हवती. समद्या उठून उभ्या राह्यल्या. फोनमधून बाई बोलून राह्यलती, थंड आवाजात, शाळेत धडा वाचल्यासारखी. पैठणच्या धरणातून पाणी सोडण्यात आलं आहे, नदीकाठच्या लोकांनी सुरक्षित जागी जावं, जनावरं हलवावी.

तोवर दुसऱ्या बायांचे फोन वाजू लागले. कुणी पदराच्या गाठीतून काढला, कुणी पिशवीतून.

"माझी भगर?" चांगुणाबाई म्हणली.

"दगडात राहू दे. तुझ्या म्हशी सोड आधी."

बेबीनंदा निघाली. चिखलात चप्पल रुतली, ती तिथंच सोडली. थडीच्या बाकी गल्लीत हालचाल सुरू झाल्ती. लोक ढोरं सोडत व्हते, पेट्या डोक्यावर घेत व्हते. शेवटच्या घरात मात्र काही न्हाई. चतुराबाई खाटेवर बसलेली, समोर गंगा रोजच्यासारखीच, गढूळ, पर आपल्या जागी.

"मावशी, फोन आलाय. पाणी सोडलंय."

"गंगा कुठं चढली? बघ की."

"चढायला वेळ हाय म्हून तर आलेय. चढल्यावर मी येऊन काय करू, तुमच्यासोबत पवू?"

"तू जा. मी बघते."

तवा शीतल आतून बाहेर आली. तिच्या हातात शिलाई मशिनीचं वरचं डोकं व्हतं, पाट्यावरून काढलेलं. "मावशी, ही बाई गिरणी मधीच टाकून आली," ती म्हणली. "मला इथून तो आवाज रोज ऐकू येतो. आज बंद पडला तवाच मला कळलं. उठा."

चतुराबाईनं एकदा पोरीकडं पाह्यलं, एकदा बेबीनंदाच्या अनवाणी पायाकडं. मंग म्हणली, "मोठी शेळी गाभण हाय. तिला पळवू नका."

दोघींनी मिळून चतुराबाईला काखेत धरलं. शेळ्या पुढं घातल्या. गाभण शेळी चढावर अडून बसली, तर शीतलनं मशीन बेबीनंदाकडं दिली अन् शेळीच खांद्यावर घेतली. वर ग्रामपंचायतीपाशी पोचल्यावर लोकांची नजर शीतलवर पडली. ही कोण, असं दोघी-चौघींच्या तोंडावर आलं. प्रेमबाई दुकानाच्या पायरीवर उभी व्हती. ती म्हणली, "कोण असंल तिला आधी चहा द्या. बाकी मागून." अन् मंग कुणी इचारलं न्हाई.

पाणी दुपारी चारच्या सुमाराला आलं. आवाज न करता आलं. आधी घाटाची पायरी गेली, मंग बाभळी, मंग चतुराबाईचा उंबरा. दिवस मावळायच्या आत तिच्या घरात छातीएवढं पाणी झालं. मागची भिंत बसली. थडीच्या साठ घरांतलं माणूस मात्र एक बी गेलं न्हाई, अन् ढोरांत भुजंगचं एक वासरू तेवढं वाहून गेलं. तो त्याच्यासाठी दोन दिवस नीट जेवला न्हाई.

चतुराबाई अन् शीतल आठ दिवस बेबीनंदाच्या शेडमधी राह्यल्या, शेळ्यांसकट. चांगुणाबाईची भगर दगड उचलून, कुंच्यानं झाडून काढावी लागली. ती अजून बी म्हणती, माझ्या अर्ध्या भगरीचा हिशेब बाकी हाय.

नवव्या दिवशी शीतलनं नवं कार्ड घेतलं. संध्याकाळी, गिरणी बंद झाल्यावर ती बेबीनंदापाशी येऊन बसली.

"काकू, घ्या लिहून. वहीत टाका."

बेबीनंदानं हात पुसले. वही तिथंच खुंटीला व्हती. तिनं ती घेतली न्हाई. म्हणली, "मला नको सांगू. माझ्या हातून एक बार लंबर बाहेर गेला. आता जिथं तो राहणार हाय तिथं तू आपल्या हातानं दे, अन् काय इचारायचं ते आपल्या तोंडानं इचार. मी सोबत येते."

दोघी एसटीनं अंबडला गेल्या. तहसील कचेरीत ह्या कामाला एक तरणी पोरगी बसलेली, तृप्ती नावाची. समोर मशीन, बाजूला चहाचा रिकामा कप. तिनं लंबर विचारला. शीतलनं सांगितला न्हाई. आधी म्हणली, "हा लंबर कोण कोण बघतं?"

तृप्तीला असं कुणी आधी विचारलं नसावं. मंग तिनं मशिनीचं तोंड शीतलकडं फिरवलं अन् बोटानं दाखवलं. "मी बघते. साहेब बघतात. गावात कागद छापून जात न्हाई आता, तुमच्या गावची तक्रार आल्यापासून. ग्रामसेवकाला फक्त घर दिसतं, लंबर न्हाई. अन् तुम्हाला काढून टाकायचा असला, तर ह्या लंबरावर सांगायचं, त्याच दिवशी निघतो."

शीतलनं ते समदं नीट वाचलं. बेबीनंदाला ती अक्षरं काही लागली न्हाईत, ती शीतलच्या तोंडाकडं बघत राह्यली.

"पूर्ण नाव?" तृप्तीनं विचारलं.

शीतल थांबली. पूर्ण नाव म्हणलं की मधी नवऱ्याचं नाव येतं, अन् शेवटाला त्याचं आडनाव. तृप्ती बोटं ठेवून वाट बघून राह्यलती. मागं दोन माणसं रांगेत उभी व्हती, त्यातला एक खाकरला.

"लिहा," शीतल म्हणली. "शीतल. चतुराबाईचं घर, थडी, कुरणवाडी."

"मधलं नाव?"

"एवढ्यावर फोन लागतो ना?"

"लागतो."

"मंग एवढंच."

तृप्तीनं तेवढंच लिहिलं अन् बटण दाबलं. शीतलच्या हातातला फोन थरथरला. तिनं पाह्यलं. पडद्यावर लिहिलेलं व्हतं की तुमची नोंद झाली. तिनं ते दोनदा वाचलं, फोन पदराखाली ठेवला अन् बेबीनंदाला म्हणली, "चला काकू, दोनची गाडी भेटंल."